गार म्हणजे किती

हिंगणा रोडला, खुशालभाऊ ढबाल्यांच्या गॅरेजात,
मे महिना, दुपारचे तीन.
माझ्या दोन दारांच्या गाडीचं बॉनेट उघडं,
फेंडरवर टॉवेल, टॉवेलवर दोन पाइप.

पहिला आखूड. तोंडाशी लाल जाळीचा शंकू,
इंजिनाच्या उशालाच बसणारा.
राजिकनं फोनवर त्याचा आवाज ऐकवला,
मोठ्या जनावरानं नाकातून श्वास ओढावा तसा.
आवडला मला. खोटं कशाला बोलू.
सोळा वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवल्यावर
आपलं काहीतरी एकदा गुरगुरावं असं वाटतं.

दुसरा लांब. चाकाच्या कमानीतून
खाली बंपरच्या पोटात जाणारा.
भाव दुप्पट, आवाज जवळपास नाहीच.

"ताई, हवा पायजे का हवा करायची हाय?"

मी गप्प. खुशालभाऊंनी थर्मामीटरची वायर
चालू गाडीच्या बॉनेटखाली सोडली.
एकाहत्तर.
मग बंपरमागे, जमिनीपासून वीतभर वर.
पंचेचाळीस.
"हे घ्या. गार."

आणि हसले नाहीत.
आमच्या गावात पंचेचाळीसला गार म्हणायला
कुणाला हसू येत नाही.

"कूलर घरात ठेवून दार लावलं तं काय होते?
आपलीच वाफ आपल्याले वापस.
कूलरची पाठ रस्त्याकडं पायजे.
याचंबी तसंच हाय."

जुना फिल्टर त्यांनी पायरीवर आपटला.
करडी राख पडली, कोराडीकडची असावी,
एक वाळका मुंगळा, कडुलिंबाची दोन फुलं.
तीन उन्हाळे मी हे सगळं घेऊन
सिग्नलवर लोकांना मागे टाकत होते.

"आणि पावसाळ्यात?"

राजिकनं मान खाली घातली.
खुशालभाऊ उठले, रॅकमागून एक रॉड काढला,
आमटीच्या पळीसारखा वाकलेला.
रेल्वेपुलाखालचं गुडघाभर पाणी,
नाक खाली असलेला असाच एक पाइप,
एक घोट.
"हवा दबते, ताई. पाणी नाही दबत."

रॉड हातात घेतला. जड होता.
कोणाच्या गाडीचा, विचारलं नाही.
राजिक बाहेर पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आला नाही.

मग ठरलं ते असं:
लांब पाइप लावायचा, कोरड्या फिल्टरचा.
कंपनीचा डबा फेकायचा नाही, माळ्यावर ठेवायचा.
मृग लागला की पाइप उतरवायचा, डबा चढवायचा,
होळीनंतर परत उलटं.
गावात कूलरचं जे होतं तेच.
बिलावर त्यांनी लिहिलं, 'दोन वेळची मजुरी, एकदाच.'

रात्री अकराला वर्धा रोडला काचा खाली केल्या.
डांबर अजून तापलेलं. टायर चिकटून सुटत होते.
दुसऱ्या गिअरात काटा चारच्या पुढे गेला,
आणि बंपरच्या आतून, अगदी बारीक,
कुणीतरी श्वास आत घेतला.

खुशालभाऊंना सांगणार नाहीये.