पिवळ्या वाट्या

डेकोराबाहेरची जुनी दफनभूमी.
इथे कधी नांगर फिरला नाही,
आयोवात असून या मातीला मका ठाऊक नाही.

थडग्यांमधून मी पिवळ्या वाट्या मांडते,
पाणी, थेंबभर साबण.
संध्याकाळी गाळणीत चौदा रानमाश्या.
ज्यांना वाचवायचं त्यांनाच आधी बुडवायचं,
प्रबंधात याला
‘नमुना संकलन’ म्हणतात.

लॅबमध्ये त्यांना धुते,
हेअर ड्रायरने वाळवते.
चिकटलेली लव हळूहळू फुलते,
न्हाऊन आलेल्या बाळाचं जावळ जसं.
मग टाचणी.

गवत कापणारा व्हर्लिन विचारतो,
यात एखादी शेवटचीच निघाली तर?
तर कळेल, मी म्हणते, की ती होती.
तो मशीन सुरू करतो.

पुढच्या मंगळवारी बघते,
सगळीकडे कापलंय,
फक्त त्याच्या बायकोच्या दगडाभोवती
कमरेएवढं रान.
तिथे जांभळ्या फुलावर एक,
पाठीवर गंजाचा डाग,
चित्रात पाहिलेला.

वाट्या पिशवीतच.
वहीत लिहिते: दहा चाळीस, वारा मंद,
संख्या एक.
नमुन्याच्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवते,
शाईचा ठिपका पसरत जातो.