पाय बघायचा, चेंडू ऐकायचा

बोनिफास सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच:
पाय बघायचा, चेंडू ऐकायचा.
दोन्ही बघायला गेलास तर दोन्ही जातील.
डोळा बेसच्या कडेवर,
आणि चामड्यात चेंडू बसतो तो थप्प कानात घ्यायचा.
आधी थप्प, तर आऊट.
आधी पाय, तर सेफ.
एकदमच आले तर?
सर हसले होते. एकदम काही येत नाही रे,
आपल्याला तसं वाटतं.

कुडचड्याचं मैदान तसं फुटबॉलचं.
उजव्या कोपऱ्यात गोलपोस्ट तसाच उभा,
चेंडू जाळ्यात गेला तर दोन बेस,
हा आमचा इथला कायदा, कुठल्या पुस्तकात नाही.
बेस सकाळी पांढरे, दुपारपर्यंत तांबडे.
ही माती माझ्या ओळखीची.
रिवणच्या वरच्या खाणीत अकरा वर्षं
मी क्रशरच्या उजवीकडे उभा होतो.
म्हणजे क्रशर माझ्या डावीकडे.
खाण बंद पडली.
कान त्याच्या आधीच, हळूहळू,
कुणाला न सांगता. मलासुद्धा.

फॉर्मवर मी लिहिलं: श्रवण, उत्तम.
दिवसाचे साडेतीनशे, दोन वेळा भाजी-पाव,
निळा शर्ट आपला आपण शिवून घ्यायचा.
मुली सरांना सर म्हणतात,
मला मामा.

बेसवर कुणी नसलं की काळजी नाही.
मी रेषेबाहेर, सगळा खेळ उजव्या हाताला.
थप्प असा स्वच्छ येतो,
ओल्या फरशीवर कुणी चप्पल झटकावी तसा.
पण रनर पहिल्यावर पोचली
की सहायकाला आत यावं लागतं, पिचरच्या मागे,
तोंड सरांकडे,
आणि पहिला बेस माझ्या डाव्या अंगाला जातो.

शनिवारी शेवटची इनिंग. केपें एका रननं मागे.
तिसऱ्यावर एक, पहिल्यावर एक, दोन आऊट.
सलोनी वेळीपच्या बॅटला चेंडू नुसता चाटून गेला,
कॅचरच्या पुढ्यात चार हातांवर मेला.
कॅचरनं उचलला, फेकला.
मी वळलो. पुरता नाही वळलो.
पाय दिसला:
सलोनीचा बूट, अंगठ्याकडे निळ्या दोऱ्यानं शिवलेला,
बेसची कड, मातीचा फुगा.
आणि थप्प
नव्हता.
मान वळवली तेव्हा चेंडू मिटमध्ये होता,
कधीचाच तिथे राहायला आल्यासारखा.
आणि माझी मूठ वर गेलेली.

कुणाची मूठ ती?
मी अजून ठरवलं नव्हतं, तिनं ठरवून टाकलं.
सावर्ड्याच्या मुली एकमेकींवर कोसळल्या.
केपेंचे कोच टोपी आपटत आले,
सरांनी हात आडवा केला: बेस त्याचा, निकाल त्याचा.
त्याचा. माझा.

सलोनी भांडली नाही.
हेल्मेट काढून समोर उभी राहिली, घामानं केस चिकटलेले.
सकाळी मीच या पोरींना सांगितलं होतं,
पाय बघायचा, चेंडू ऐकायचा,
शिक्षकासारखा, बोट वर करून.
तिनं विचारलं, "मामा, आवाज आयलो?"
हे मी तिच्या ओठांवर वाचलं.
हो, म्हटलं.
ती मान हलवून गेली. तिचा विश्वास बसला,
त्याला मी काय करू?

नंतर बेस उचलून पोत्यात भरले.
पहिला बेस हातात घेऊन थोडा झटकला,
नुसती माती पडली.

परतीच्या बसमध्ये सर माझ्या डावीकडे बसले.
पुलावर काहीतरी बोलायला लागले,
चांगलं लांब बोलले, खिडकीबाहेर बघत.
मी दोनदा मान डोलावली,
कुठे डोलवायची ते अंदाजानं.
निकाल बरोबर होता म्हणाले असतील.
की विचारलं असेल, कधीपासून रे?
तिठ्यावर बस थांबली.
सर उठले,
दांडा धरून क्षणभर तसेच उभे राहिले,
उत्तराची वाट बघतात तसे.