नमुना क्रमांक चार

हायवे सोडून विल्होळीच्या मागं वळलं
की रस्ता पांढरा होतो.
क्रशर बंद पडून तीन वर्षं झाली,
त्याची भुकटी अजून कामावर आहे.

महिन्यातून एकदा येते, स्कूटरच्या पुढ्यात बर्फाचा डबा, चार बाटल्या:
खाणीच्या तळ्याची, निवळण-टाकीची, नाल्याची,
आणि खालच्या शिवारातल्या विहिरीची.

हणमंता कुसाळकर गेटवर असतात.
गेट म्हणजे दोन ड्रम आणि एक साखळी.
या खड्ड्याचं पहिलं भोक त्यांच्या पहारीचं;
आता त्यात कुणी पडू नये म्हणून पगार.
"काय मॅडम, नमुना न्यायला आल्या?
मलाच न्या की. माझ्याएवढा नमुना तालुक्यात नाही."

तळं निळं आहे.
लग्न ठरलेली जोडपी इथं फोटो काढायला येतात,
फोटोत पाणी फार छान येतं.
मी सामू मोजते. तो फोटोत येत नाही.

चाळीस फुटांवर झरा फुटला, कुसाळकर सांगतात,
तेव्हा मालकानं नारळ नाही फोडला, मोटर लावली.
अकरा वर्षं उपसा.
मग बिल थकलं, तार निघाली,
आणि पाणी सावकाश वर आलं
घरचं माणूस जिना चढून यावं तसं,
वाटेत सापडेल ते कवेत घेत:
ऑइलचे डबे, डंपरचं टायर, सुरुंगाच्या वायरी,
कुणाची तरी एकच चप्पल,
आणि रात्री दिवे विझवून येणाऱ्या टँकरमधलं ते,
ज्याला वासापलीकडे नाव नाही.

आराखड्यात सगळं आहे. बत्तीस पानं.
उतार एकास तीन, वर दोन फूट माती,
करंज, शिवण, मधून चर, चराच्या शेवटी टाकी.
गाळ कोणत्या महिन्यात काढायचा ते लिहिलंय,
कुठं टाकायचा ते नाही.
म्हणून तो उपसून टाकीच्या काठावरच ठेवतात.
पावसाळ्यात तो पायी परत येतो.

"आमची आई माठात निवळीचं बी घासायची.
सकाळी पाणी आरसा.
इथं किती लागतील हो बिया?"
मी खरंच हिशेब करू लागते.
मग थांबते. निवळीला गढूळ कळतं.
इथलं गढूळ कधीच तळाला बसलंय;
वर उरलंय ते स्वच्छ दिसतंय.

चौथी बाटली ठकूबाई गुळव्यांच्या विहिरीची.
दोर त्या स्वतः सोडतात, मला हात लावू देत नाहीत.
"रिपोटात काय येतं ते नको सांगू.
कोथिंबीर सांगती."
पानांच्या कडा
चहात बुडालेल्या कागदासारख्या.
मागच्या खेपेला त्यांनी विचारलं,
तपासून झालं की त्या पाण्याचं काय करता?

नियम असा: पंधरा दिवसांनी नमुना नष्ट करावा.
पाणी नष्ट कसं करतात
हे सोळा वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नाही.
बेसिनमध्ये ओतलं तर नासर्डीत जाणार,
टाकळीला गोदावरीत, पुढं कुणाच्या तरी दोराला.
कुंडीत घालावं, तर झाड
काय आहे म्हणून विचारत नाही.

कपाटाच्या खालच्या फळीवर
ठकूबाईंच्या अठ्ठावीस बाटल्या उभ्या आहेत,
तारखेसह, सहीसह. शाई उडत चालली आहे.
साहेब म्हणाले, जागा अडते.
म्हटलं, हो.
मंगळवारी पुन्हा जायचंय. बर्फ सांगून ठेवायला हवा.