आस

भिवा गिरप आला तेव्हा खांद्यावर जाळं होतं,
पण रापणीचं नव्हे, क्लबाचं.
म्हणाला, मामलेदाराचो कुत्रो अडाकलो रात्री,
तेवढा सांधून दी.
मी अंगणात पसरलं आणि हसलो.
कंबरेएवढी उंची, पायाला शिसं नाही,
वर पांढरी पट्टी, नव्या नवरीच्या काठासारखी.
ह्येच्यात मासो गावतलो खंय?
त्याची पोर माडाला टेकून उभी होती, आठ वर्षांची कुंदा.
ती म्हणाली, ह्येच्यात गावलो तो हरलो.

आयुष्यभर मी जाळी विणली.
त्या वाक्याची गाठ मला सुटलेली नाही.

वेंगुर्ल्याच्या कॅम्पात ते कोर्ट,
जांभ्याच्या भुकटीचं, रेघा शिंपल्यांच्या चुन्याच्या.
भिवा पहाटे रोलर ओढायचा, साहेब लोक पाचला यायचे,
मधला उन्हाचा तुकडा तिचा.
कुणीतरी टाकलेली रॅकेट, दोन तारा तुटलेल्या.
मी तिथे सुरमईच्या गळाची तंगूस भरली.
पंधरा दिवस टिकली. खरं तर टिकायला नको होती.

बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत
अजून तांबड्या ठिपक्यांची आहे.
रंग काढायला माणसं आली होती एकदा,
मालक म्हणाला, ऱ्हवांदे.

सावंतवाडी, कोल्हापूर, मग पुणं.
तिथे विचारलं, कोच कोण तुझा?
म्हणाली, मतलई.
लोक हसले. पण मी पाहिलं होतं
चेंडू वर फेकायच्या आधी तिला गाल वळवताना,
जसा तांडेल होडी लोटण्याआधी वळवतो.

राष्ट्रीय अजिंक्यपदाची बातमी आली
तेव्हा बंदरावर लिलाव चालू होता.
भिवाने रेडिओ टोपलीवर ठेवला, बांगड्यांच्या.
पंधरा, तीस, चाळीस...
माझ्या बायकोने विचारलं, पंचेचाळीस का नाय?
मधले पाच कोणी खाल्ले?
कुणालाच सांगता आलं नाही. भिवालाही नाही.
तो फक्त रडत होता आणि बांगडे मोजत होता.

मग तीन वर्षं ती वर्तमानपत्रात राहिली.
आम्ही भजी बांधून आलेल्या कागदातही
तिचा हात हवेत बघितला, तेलकट.

बँकॉकचं ती कधी सांगत नाही.
मला सांगितलं एकदाच, परवा.
उपांत्य सामना, निकालाचा चेंडू,
पट्टीवर बसला.
बसला म्हणजे बसलाच, बाबलकाका,
कावळा काठीवर बसतो तसा.
आणि मग माझ्या बाजूला उतरला.
त्यानंतर खांदा. दोन ऑपरेशनं.
डावा हात तेवढा लहानपणचा राहिलाय, म्हणाली.

मे महिन्यात आली ती. भिवा जाऊन चार वर्षं झाली.
कोर्टावर काजूबिया सुकतात आता,
रोलर पडलाय कुंपणाशी, मधून भेडलेमाडाचं रोप.
ती काही बोलली नाही. चप्पल काढून
चुन्याची रेघ असेल तिथे उभी राहिली,
आणि रेघ तिथेच होती, बियांखाली, बोटभर.

संध्याकाळी माझ्या पडवीत बसली.
विचारलं, त्या बँकॉकच्या जाळ्याची पट्टी
कोणी बांधली असेल?
मी म्हटलं, माझ्यासारख्याच कोणीतरी. पोटासाठी.
मजुरी कमी मिळाली असेल तर कुठे सैल, कुठे ताठ.
मग ती हसली. आली त्या दिवसापासून पहिल्यांदा,
इतकी की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

कारखान्यामागची पोरं भिंतीवर चेंडू मारतात,
फळीच्या तुकड्यांनी. त्यांना जाळं नाही.
मधे तीन फूट, म्हणाली, खांबांशी साडेतीन.
मधेच कमी कशाक?
माहीत नाही काका, पण मी सगळं तिथूनच मारलं.

डाव्या हाताने तिने सुई घेतली,
दोरा भरला, दातांनी तोडला,
पहिली गाठ मारली, वाकडी.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
आस केवढा ठेवू?

मी म्हटलं, चेंडवापेक्षा बारीक.