म्हणे

बातमीत ‘म्हणे’ होतं.
खिळे मीच जुळवले, हॅलिफॅक्सच्या छापखान्यात,
मंगळवारी रात्री, मेणबत्ती संपत आलेली:
विणकर म्हणे भाले घडवताहेत,
नाताळाआधी म्हणे उठतील.
कोण म्हणे, हे संपादकानं विचारलं नाही.
मी तर नोकर.

लंडनला पोचेपर्यंत तेवढं म्हणे गळालं.
टपालगाडीतून सांडलं असेल,
वाटेत खड्डे फार.

शुक्रवारी घोडेस्वार आले, साठ.
टॅबिथा सग्डेनच्या घरची फरशी उखडली.
खाली निघाली ओल, आणि एक मेलेला उंदीर.
चुलीतली सळई जप्त झाली.
पावतीवर लिहिलं: भाला, एक.
तिचा थोरला, ईनक, म्हणाला, अहो, सळई आहे ती,
तर त्यालाही नेलं.

आता निखारे हलवायला टॅबिथा
शेजारणीची सळई मागून आणते,
शालीखाली लपवून,
आणि कोपऱ्यावरचा शिपाई वहीत टिपतो.

काल संपादकानं नवा मजकूर दिला:
हॅलिफॅक्समध्ये हत्यारं सापडली.
सवयीनं हात त्या कप्प्याकडे गेला.
कागद दिव्याजवळ नेऊन पुन्हा वाचला.

नव्हतं.