हजेरी नंबर सात

शाळेत तिला आजी म्हणायचं नाही, असा करार होता.
कापरी नाल्यापर्यंत आजी,
नाला ओलांडला की बाई.
परतताना चपला हातात घेऊन
पाण्यात उतरलं की पुन्हा आजी.
एकदा विसरले. भर वर्गात म्हणाले, आजी, पाणी पिऊ?
पऱ्हाटीची काडी तळहातावर बसली,
आणि रात्री त्याच तळहाताला
तिनं खोबरेल लावलं, न बोलता.

गावाला बाईमाणूस मास्तर ठाऊकच नव्हता,
म्हणून म्हातारे तिलाही गुरुजीच म्हणत.
"गुरुजी आली," म्हणत;
क्रियापद मात्र चुकू देत नसत.
छत्री, डबा, खडूनं पांढरी झालेली उजवी बाही,
आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली
की गैरहजर पोरांच्या घरोघर:
बकऱ्यांमागे कोण, कापूस वेचायला कोण,
कोणाच्या काखेत धाकटा भाऊ.
"त्यालेही घेऊन ये, झोपीन तो."
वर्गात मागच्या भिंतीशी
कायम दोन-तीन बाळं पोत्यावर निजलेली,
बे एके बेच्या गलक्यात.

शाळेत पुस्तकाची भाषा. नाई नाही, नाही म्हण.
घरी चुलीपुढे आंबाडीची भाजी घोटताना
"काहून वं, भूक नाई का तुले?"
दोन भाषा, दोन लुगडी,
एकाच खुंटीवर.

सत्त्याऐंशीव्या वर्षी
आधी पुस्तकाची भाषा गेली.
मग आमची नावं.
आईला नर्स समजून
पगार किती मिळते, विचारलं.
पण संध्याकाळी, दिवे लागताना,
खाटेवर ताठ बसून
ती हजेरी घ्यायची.
सन एकाहत्तरचा दुसरा वर्ग.
एक, गुणवंत भोयर.
दोन, बेबी निखाडे.
तीन, अजाब लोणारे.
आई भाकरी थापत हजर,
बाबा मोबाइलमधून मान न काढता हजर,
शेजारचा पोरगा ट्रॅक्टर धुता धुता
भिंतीपलीकडून हजर.
सात, शेवंता टेकाम.
इथे ती थांबायची.
इथे कोणी बोलायचं नाही, हे न सांगता ठरलेलं.
दारात घुटमळणाऱ्या पोरीला
आत यायला लागेल
तेवढा वेळ थांबायची.
मग, आठ.

शेवंता कोण, बाबांनाही पुरतं माहीत नाही.
पोडावरची. ओच्यात बोरं घेऊन यायची.
सात उलटा काढायची.
दिवाळीनंतर आली नाही.
बाई पोडावर गेली तर झोपडीला काटी लावलेली,
चुलीत राख, तीही थंड.
कोणी म्हणालं, जंगलाच्या कामावर गेले.
कोणी म्हणालं, पार तेलंगणाकडे.

एका संध्याकाळी मला राहवलं नाही.
सात, शेवंता टेकाम. ती शांतता.
मी बारीक आवाज काढून म्हणाले, हजर.
तिनं मान वर केली.
कित्येक महिन्यांत पहिल्यांदा
मला नीट पाहिलं, चष्म्यावरून, बाईसारखं.
"तू नोको बोलू. तिचा आवाज असा नाई.
बस खाली."
मी बसले.

ती गेली पौषात, तुरी सोंगायच्या दिवसांत.
तेरवीला तिचे विद्यार्थी आले,
टक्कल पडलेले, नातवंडं झालेले,
दारात थबकून विचारत होते, आत येऊ का?

परवा तिची पत्र्याची पेटी उघडली.
शाळेनं रद्दीत काढलेली हजेरीची वही,
कडा वाळवीनं खाल्लेल्या.
नंबर सात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत
ना हजर, ना गैरहजर. कोरे रकाने.
शेजारी यवतमाळहून आलेल्या साहेबांचा लाल शेरा:
खुलासा करावा.
त्याखाली निळ्या शाईत,
तिच्या गोल, शुद्ध अक्षरात:
यायची आहे.