सदतीस फेरे

दहा किलोमीटरला चार हजार सातशे एकाहत्तर फेरे.
कस्तूरचंद पार्कच्या कडेला, पहाटे साडेचारला
पोलादी टेप अंथरून, टायरवर खडूची रेघ मारून
हा आकडा मीच काढला होता.
मागे टॉर्च धरून पेंगणारा बबलू धकाते.

हवा मात्र अंगठ्यानं पाहिली.
चाळीस वर्षांची सवय.
दाबलं, कडक लागलं, निघालो.

व्हेरायटी चौक, लॉ कॉलेज, पुढं अंबाझरी.
वॉल्व्हची रबरी नळी कुजली असावी.
गुपित फुटतं तशी हवा जात होती,
एकेकाला सांगत.
चाक बसतं म्हणजे होतं काय?
आस रस्त्याकडे अडीच मिलिमीटर झुकतो, बस.
डोळ्याला दिसत नाही. मांडीला जड लागतं.
मी म्हटलं, वय झालं.

बसकं चाक तेवढ्याच वाटेला जास्त वेळा फिरतं.
आणि मी मोजत होतो फेरे.
एकाहत्तरावा पडला तसा ब्रेक दाबला,
डांबरात खिळा ठोकला,
बबलूनं पांढरा पट्टा ओढला.

डिसेंबरात तनुजा हेडाऊ त्या पट्ट्यावरून गेली.
जिल्ह्याचा विक्रम. पेढे. बुटांची नवी जोडी.
मग कोणीतरी रस्ता पुन्हा मोजला:
शहात्तर मीटर कमी.
तिच्या नावावरून लाल पेन गेला,
माझ्या नावावरून नाही.

ती घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.
"काका, हवा काहून नाही पाहिली जी?"

उत्तर नव्हतं, सायकल होती.
सेमिनरी हिल्सच्या उतारावर तिला घेऊन गेलो.
आधी हवा अर्धी सोडली, बसलो, पॅडल न मारता.
थांबलो तिथं तिनं खडूनं फुली मारली.
मग मीटरचा पंप लावला, काटा चाळीसवर आणला,
पुन्हा वरून, तसाच, पाय लोंबते ठेवून.
सायकल फुलीवरून गेली,
वडाची सावली ओलांडून गेली,
चहाच्या टपरीपाशी डुगडुगली, तेव्हा मी पाय टेकला.

ती फुलीपाशीच उभी होती.
दोन्ही खुणांमधल्या रस्त्याकडे
बराच वेळ बघत राहिली.
मग बुटांची नाडी आवळली
आणि माझ्याकडे न येता
वर, चढाकडे पळत सुटली.

मी पंपाची नळी गुंडाळत राहिलो.
टपरीवाल्यानं विचारलं, "चहा एक का दोन?"